दिलासाघराचा आर्किटेक्ट

माझी एक मैत्रीण बीओटीएच करतेय. म्हणजे नक्की काय करतेय, हे तिला प्रत्येक लग्नकार्यात नव्याने समजावून सांगावं लागतं. ओटी म्हटलं की तिच्या काकांना ऑपरेशन थिएटर दिसतं, आयटीतल्या दादाला ओव्हरटाइम आठवतो आणि आजीच्या डोळ्यांपुढे थेट खण-नारळ येतो. मग ती ऑक्युपेशनल थेरपी असं पूर्ण नाव घेते. त्यावरचा प्रश्नही ठरलेला. म्हणजे फिजिओच ना? आताशा ती हो म्हणून मोकळी होते आणि जिलेबीकडे वळते.

खरं सांगायचं तर मीही तिला फिजिओच समजत होते. गेल्या वर्षी माझ्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले, ते करून घ्यायला एक सर यायचे. काही दिवसांनी एक ताईही यायला लागल्या. पहिल्या दिवशी हात बघून झाल्यावर त्यांनी आजोबांना विचारलं, की कोणती गोष्ट परत स्वतःच्या हाताने करता यावी असं वाटतं? आजोबांनी बराच वेळ विचार केला. मग अडखळत म्हणाले, चहा बशीत ओतून प्यायचाय. आम्ही सगळे हसलो. ताई हसल्या नाहीत, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढचे कित्येक आठवडे आमच्या स्वयंपाकघरात कपबशीचा तास चालला. आधी रिकामा कप नुसता धरून ठेवायचा. मग त्यात तांदूळ घालून बशीत ओतायचे. मग गार पाणी. रबरी बॉल दाबायचा व्यायाम आजोबांनी दोन दिवसांत कंटाळून सोडला होता. कपबशीसाठी मात्र ते आंघोळ उरकून तयार बसायचे.

आपल्या रोजच्या जगण्यातलं काम हेच औषध, ही कल्पना पहिल्यांदा सुचली कोणाला, हे शोधायला मी बसले. त्याला एकच उत्तर नाही. मनोरुग्णांना साखळ्यांत डांबण्यापेक्षा त्यांच्या हाताला काम द्यावं, असं युरोपातले काही डॉक्टर अठराव्या शतकाच्या शेवटीच म्हणत होते. पण या सगळ्याला ऑक्युपेशनल थेरपी हे नाव चिकटवणारा म्हणून एकच माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो. जॉर्ज एडवर्ड बार्टन. मैत्रिणीने पहिल्या वर्षाला त्याच्यावर पाच मार्कांची टीप लिहिली आहे. पाच मार्कांत हा माणूस मावत नाही. तो डॉक्टर नव्हता, तो आर्किटेक्ट होता आणि पेशंट होता. (वयाने आपल्या पणजोबांच्याही आधीचा, तरी एकेरीतच लिहितेय. वाचाल तसं पटेल की अहो-जाहोत बसणारा हा माणूस नव्हता.)

नकाशे, टिकाव आणि खोकला

बार्टनचा जन्म १८७१ चा, अमेरिकेतल्या बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनचा. त्याने आर्किटेक्चर निवडलं आणि त्यासाठी काही काळ लंडनमध्ये काढला. त्या वेळी लंडनमध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ जोरात होती. कारखान्यात दिवसभर एकच खिळा ठोकणाऱ्या माणसाचं मन मरतं, वस्तू हाताने आणि पूर्ण घडवली तर घडवणाराही माणसात राहतो, असं ही मंडळी म्हणत. विल्यम मॉरिस हे त्यातलं मोठं नाव आणि त्याच्या मागे जॉन रस्किन. रस्किन आपल्याला अगदीच परका नाही. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलेलं आणि त्यांनी पुढे सर्वोदय नावाने गुजरातीत उतरवलेलं पुस्तक त्याचंच. एकाच विचाराची एक फांदी चरख्याकडे गेली आणि दुसरी हॉस्पिटलच्या वॉर्डात, हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलेच.

बॉस्टनला परतल्यावर बार्टन तिथल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स सोसायटीच्या उभारणीत पडला. ही सोसायटी १८९७ ची. तो तिचा सेक्रेटरी झाला. पंचविशीतला, डोक्यात कल्पना, हातात कला आणि जिभेला धार असलेला मुलगा. पुढे मोठा आर्किटेक्ट होणार हे ठरल्यासारखंच होतं.

१९०१ मध्ये त्याला टीबी झाला. वय तीस.

टीबीचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता, पण त्याला मारणारं औषध यायला अजून चाळीस वर्षं होती. उपाय म्हणजे कोरडी हवा, अंडी-दूध आणि अंथरूण. बार्टन पश्चिमेला कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गेला. तिथली हवा टीबीला चांगली मानत. बरं वाटलं की काम करायचं, पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं, अशी दहाएक वर्षं गेली. आपण आजारी आहोत म्हणून गप्प बसणं त्याला जमत नसावं. १९१२ च्या सुमाराला कोलोरॅडोच्या गव्हर्नरने तिथल्या शेतकऱ्यांमधल्या उपासमारीची पाहणी करायचं काम दिलं, तेव्हा हा फुफ्फुसं अर्धी झालेला माणूस कडाक्याच्या थंडीत निघाला. डाव्या पायाला हिमदंश झाला. त्याचं गँग्रीन झालं, बोटं कापावी लागली. आणि ऑपरेशननंतर शुद्धीवर आला तर शरीराची डावी बाजूच हलेना.

डॉक्टरांनी याला हिस्टेरिकल पॅरालिसिस म्हटलं. शब्द वाईट आहे. पेशंट नाटक करतोय असा त्याचा अर्थ मात्र नाही. नस तुटलेली नसते, मेंदूत रक्तस्राव नसतो आणि तरीही हात उचलत नाही. माणूस मनापासून प्रयत्न करतो आणि हात ऐकत नाही. आज याला वेगळं नाव आहे, पण तेव्हा तपासणीत काही सापडलं नाही की पेशंटच्या वाट्याला सहानुभूतीपेक्षा संशयच जास्त यायचा.

चाळिशी ओलांडलेला, एक बाजू गेलेला, खोकणारा, नकाशा काढायला टेबलापाशी उभाही राहू न शकणारा आर्किटेक्ट. अशा अवस्थेत तो न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावी आला. तिथे गंधकाच्या पाण्याचे झरे होते आणि त्यांच्या भोवती उभं राहिलेलं मोठं सॅनेटोरियम. आपल्याकडे वज्रेश्वरीला जातात तसे लोक तिथे लांबून यायचे.

पडून राहण्याचं युग

तो काळ विश्रांतीचा होता. मज्जातंतूंचा त्रास असो, टीबी असो की नुसतं मन उदास असो, डॉक्टरांचा आवडता सल्ला एकच. पडून राहा. वाचू नका, लिहू नका, फार लोकांना भेटू नका. काही महिने असं पडून राहिलं की बरा झालेला माणूसही आजारी वाटायला लागत असणार. लॉकडाऊनमध्ये आपल्यातल्या कित्येकांनी त्याची छोटी आवृत्ती अनुभवली आहे. त्यामुळे यावर मी जास्त सांगायला नको.

सॅनेटोरियममध्ये बार्टनची गाठ एलवूड वॉर्सेस्टर या धर्मगुरूशी पडली. हे बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चचे. डॉक्टरांना सोबत घेऊन मानसिक त्रास असलेल्या लोकांसाठी त्यांनी १९०६ पासून एक उपक्रम चालवला होता. म्हणजे नुसती प्रार्थना सांगणारे पाद्री नव्हते ते. त्यांच्याशी झालेल्या बोलण्याने बार्टनचं काहीतरी जाग्यावर आलं. मला काय झालंय, या प्रश्नाभोवती इतकी वर्षं फिरत होता तो. आता प्रश्न बदलला. उरलेल्या शरीराने मला काय करता येईल?

आणि त्याच्या जोडीला आला राग. बार्टनच्या पुढच्या सगळ्या लिखाणात हा राग आहे. हॉस्पिटलला आपण यशस्वी कधी म्हणतो? ताप उतरला, जखम भरली, डिस्चार्ज दिला की. पण दारातून बाहेर पडलेला तो माणूस पुढे खाणार काय, करणार काय, कोणाच्या जिवावर जगणार, हे हॉस्पिटल विचारत नाही. आजार काढून टाकला आणि निरुपयोगी माणूस घरी पाठवला, तर बरं कोणाला केलं, असा त्याचा सवाल होता. गिरणीत बोटं गेलेला कामगार असो किंवा वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहून आलेला कारकून, त्यांची नोकरी केव्हाच दुसऱ्या कोणाला मिळालेली असायची. बार्टन हे बाहेरून बघून लिहीत नव्हता. तो त्याच रांगेत होता.

कन्सोलेशन हाऊस

सॅनेटोरियमजवळच त्याने एक जुनं घर विकत घेतलं. मार्च १९१४ मध्ये ते सुरू झालं आणि त्याला नाव दिलं कन्सोलेशन हाऊस. मराठीत मी त्याला दिलासाघर म्हणते. घर दुरुस्त करायला काढलं आणि पहिला पेशंट म्हणून स्वतःलाच भरती करून घेतलं. सुतारकामाची हत्यारं घेतली, बागेत खणायला सुरुवात केली. कोणतं काम केलं की डाव्या बाजूचा कोणता भाग हलतो, किती वेळाने थकतो, कशाने पुढे जातो आणि कशाने मागे, यावर त्याची बारीक नजर. आर्किटेक्टची सवय! मोडकळीला आलेली इमारत बघताना तो आधी कुठली भिंत अजून भार घेऊ शकते ते बघतो.

हळूहळू डाव्या बाजूत जीव आला. चमत्कार म्हणून मी हे सांगत नाहीये. त्याच्या अर्धांगाचं कारणच असं होतं की कामाने फरक पडायला जागा होती. प्रत्येक पेशंटला असं होत नाही. पण जे इतकी वर्षं अंथरुणाने केलं नव्हतं ते करवतीने आणि फावड्याने केलं, हे त्याच्यापुरतं खरं होतं.

पत्रव्यवहार सांभाळायला त्याने इझाबेल न्यूटन या तरुणीला सेक्रेटरी म्हणून घेतलं. ती गावातल्या फळं टिकवायच्या कारखान्यात हिशेब लिहायची. दिलासाघरात इतर पेशंटही येऊ लागले. आलेल्याला थेट कामाला जुंपायचं नाही. आधी त्याची पूर्ण चौकशी. आजार काय, हे तर झालंच, पण शिक्षण किती, आधी काय काम केलं, काय आवडतं, पुढे काय व्हायची इच्छा आहे. त्यानंतर डॉक्टर औषध लिहून देतो तसं काम नेमून द्यायचं. कोणतं, किती वेळ, कशासाठी.

ही यादी वाचताना मला आमच्या ताईंची वही आठवली. मैत्रिणीलाही विचारलं. ती म्हणाली की त्यांच्याकडे आजही सुरुवात इथूनच होते. पेशंट आला की नुसता स्नायू तपासत नाहीत, त्याचा दिवस तपासतात. उठतो कधी, आंघोळ कोण घालतं, संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, घरात जिने किती, कामाला जायला बस की लोकल. कॉलेजमध्ये त्यांना एखादं साधं काम सुटं करून मांडायला लावतात, त्याला अॅक्टिव्हिटी अॅनालिसिस म्हणतात. तिने भाकरी थापणं घेतलं होतं. पीठ मळायला खांद्यापासून जोर लागतो, गोळा वळायला दोन्ही तळवे, थापताना एक हात थापतो तर दुसरा परातीत भाकरी फिरवतो, उचलताना बोटं पसरावी लागतात, तव्यावर टाकताना अंदाज लागतो आणि चटका बसेल हे भानही. एका भाकरीत ताकद, नजर, तोल, लक्ष, क्रम सगळं आलं. यातलं नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं. मग ते शिकवून भरून काढायचं, नाही तर भाकरी करायची पद्धतच बदलायची. उभं राहता येत नसेल तर ओटा खाली आणायचा. शर्टाचं बटण लागत नसेल तर वेल्क्रो. घास तोंडापर्यंत जात नसेल तर जाड मुठीचा चमचा. फिजिओवाले हात हलवून देतात आणि आम्ही त्या हाताला घरी परत पाठवतो, असं ती म्हणते. फिजिओच्या मित्रमैत्रिणींनो, भांडण तिच्याशी करा.

ऑक्युपेशन या शब्दाने गोंधळ होतो तो इथेच. आपण ऑक्युपेशन म्हटलं की फॉर्ममधला धंदा-नोकरीचा रकाना भरतो. इथे त्याचा अर्थ माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरतो ते सगळं. दात घासणं, पतंग उडवणं, शाळेचं दप्तर भरणं. चार वर्षांच्या मुलाचं ऑक्युपेशन खेळणं असतं, म्हणून स्वमग्न मुलांच्या ओटीच्या खोलीत झोपाळे आणि रंगीत चेंडू दिसतात.

नाव आणि भानगडी

ऑक्युपेशनल थेरपी हा शब्द बार्टनने १९१४ च्या शेवटाला वापरात आणला असं मानतात. त्यामागचा त्याचा तर्क गमतीशीर होता. कामामुळे रोग होतात हे सगळे मानतात, ऑक्युपेशनल डिसीज असा शब्दही आहे. मग कामामुळे रोग बरेही का होऊ नयेत? इथपर्यंत ठीक. पण त्याने ही कल्पना अगदी शब्दशः ताणली. बेन्झीनच्या वाफेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, ल्युकेमियात त्या बेसुमार वाढलेल्या असतात, तर अशा पेशंटला बेन्झीनची वाफ असेल अशाच ठिकाणी कामाला लावावं! वाचून मी कपाळावर हात मारला. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तेव्हा काही डॉक्टरसुद्धा ल्युकेमियावर बेन्झॉल देऊन बघत होते. बेन्झीननेच ल्युकेमिया होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे.

तर असा हा माणूस. अर्धा द्रष्टा, अर्धा हट्टी. आणि या क्षेत्रातला तो पहिला तर अजिबात नव्हता. सुझन ट्रेसी या नर्सने १९१० मध्येच आजारी माणसांना द्यायच्या कामांवर पुस्तक लिहिलं होतं, ती नर्सना हे शिकवतही होती. मार्बलहेडचे डॉ. हर्बर्ट हॉल पेशंटकडून मातीची भांडी करून घेत होते. बाल्टिमोरजवळच्या शेपर्ड अँड इनॉक प्रॅट हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विल्यम रश डंटन यांचं पुस्तक १९१५ ला आलं. जो तो आपापल्या कोपऱ्यात, एकमेकांची फारशी ओळख नाही. बार्टनने काय केलं तर त्यांना पत्रं लिहिली. भरपूर लिहिली. डंटन आणि तो मिळून एक संघटना काढायची ठरलं, त्यातही वाद. डंटनला ऑक्युपेशन थेरपी हवं होतं, बार्टनला ऑक्युपेशनल. एका विशेषणासाठी दोन मोठी माणसं महिनोन् महिने पत्रं लिहीत होती. (आमच्या कॉलेजच्या नियतकालिकाचं नाव ठरवतानाची मीटिंग आठवली.) कोणाला बोलवायचं यावरही घोळ. हॉलना बोलवू नये असा बार्टनचा आग्रह होता आणि तो चालला. ज्या माणसाने हे काम त्याच्या आधी सुरू केलं होतं त्याला दाराबाहेर ठेवलं गेलं. हे त्याच्या चरित्रात झाकण्यासारखं नाही, मीही झाकत नाही.

अखेर १५ ते १७ मार्च १९१७ असे तीन दिवस दिलासाघरात बैठक झाली. सहा जणं. बार्टन, डंटन, इझाबेल न्यूटन आणि तीन पाहुणे. एलिनॉर क्लार्क स्लेगल शिकागोहून, जिथल्या हल हाऊसमध्ये गरीब वस्त्यांसाठी काम चालायचं. सुझन कॉक्स जॉन्सन या हस्तकलेच्या शिक्षिका. आणि थॉमस किडनर, मूळचे इंग्रज, तेही आर्किटेक्ट, कॅनडात युद्धावरून जखमी होऊन परतणाऱ्या सैनिकांना पुन्हा कामाला लावायची जबाबदारी त्यांच्यावर होती. सुझन ट्रेसीला आमंत्रण होतं, तिला जमलं नाही. सहा जणांत डॉक्टर एकच, हे मला फार आवडलं.

या बैठकीचा एक फोटो आहे, ओटीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला. पुढे खुर्च्यांवर जॉन्सन, बार्टन आणि स्लेगल, मागे उभे डंटन, न्यूटन आणि किडनर. मध्यभागी अर्थातच बार्टन. अध्यक्षही तोच झाला.

तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हातपाय गमावलेले, स्फोटांच्या आवाजांनी मन उसवलेले तरुण हजारोंनी परत येणार होते आणि त्यांना उभं करायला माणसं हवी होती. घाईघाईने बायकांना प्रशिक्षण देऊन लष्करी इस्पितळांत पाठवलं गेलं, त्यांना रिकन्स्ट्रक्शन एड म्हणत. जे बार्टन सांगत होता त्याची सगळ्या देशाला एकदम गरज पडली.

आणि बार्टन तिथे नव्हता. त्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला संघटनेचं अधिवेशन झालं, त्याला तो गेलाच नाही. अध्यक्षपदही सोडलं. डंटन अध्यक्ष झाले. प्रकृती हे कारण होतंच, छातीतला टीबी कुठे गेला नव्हता. पण मतभेद आणि मान-अपमानही होते. सहा महिन्यांत त्याने आपल्याच घरात जन्मलेल्या संस्थेकडे पाठ फिरवली. पुढे तिच्या कामात तो जवळजवळ नाहीच. आणि गंमत बघा, ज्या डॉ. हॉलना त्याने येऊ दिलं नव्हतं ते १९२० मध्ये त्याच संघटनेचे अध्यक्ष झाले.

यावरून त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले. मग त्याच्या तारखा एका कागदावर लिहून काढल्या. तीस ते बावन्न या बावीस वर्षांत संपूर्ण निरोगी असा काळ त्याला मिळालेलाच दिसत नाही. सतत दमणाऱ्या, उद्या आपण असू की नसू हे माहीत नसणाऱ्या माणसाला समितीतल्या चर्चा किती सोसवत असतील? घाई, हट्ट, सगळं आपल्याच हाताने व्हायला हवं हा अट्टहास, यातलं स्वभावाचं किती आणि टीबीचं किती, मला वेगळं काढता आलं नाही.

संघटना सोडली तरी काम सोडलं नाही. १९१७ मध्येच त्याचं अमेरिकेतल्या संस्थांच्या कारभारावरचं पुस्तक आलं. १९१९ मध्ये टीचिंग द सिक आलं, आजारी माणसांना शिकवायचं कसं याचं हस्तपुस्तक. १९१८ मध्ये इझाबेल आणि त्याने लग्न केलं. त्यांना एक मुलगा झाला. दिलासाघर चालू होतं, बाग चालू होती. एप्रिल १९२३ मध्ये टीबीनेच तो गेला. वय बावन्न.

संघटनेने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपलं लांबलचक नाव बदलून अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन केलं होतं. डंटनचं ऑक्युपेशन नव्हे, बार्टनचं ऑक्युपेशनल. वाद घालणारा निघून गेला आणि त्याचा शब्द राहिला. इझाबेल मात्र त्याच्यानंतर पुष्कळ जगली. १९६८ मध्ये तिने दिलासाघराच्या आठवणी लिहिल्या. पाच मार्कांच्या टिपेतल्या माणसामागचं घर आपल्याला दिसतं ते बरंचसं त्या जुन्या हिशेबनीस मुलीमुळे.

क्लिफ्टन स्प्रिंग्ज ते परळ

मुंबईपर्यंत हे कसं आलं, त्याचीही एक गोष्ट आहे आणि तिच्यावर वेगळं पान व्हायला हवं. न्यू जर्सीत १९०० मध्ये जन्मलेली एलिझाबेथ लंडी नावाची मुलगी लग्न करून मुंबईत आली आणि कमला निंबकर झाली. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन ओटीचं शिक्षण घेतलं. परत येऊन १९५० मध्ये त्यांनी परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये भारतातलं पहिलं ओटी स्कूल सुरू केलं. दोन वर्षांत देशातल्या थेरपिस्टांची संघटना उभी राहिली आणि त्याच १९५२ मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या दहा देशांत भारत होता. फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे, ती यांच्याच नावाची. आज केईएमबरोबरच सायन, नायर, हाजी अलीची पुनर्वसन संस्था, नागपूरचं मेडिकल अशा ठिकाणी ओटी शिकवतात. माझ्या मैत्रिणीचा कोर्स साडेचार वर्षांचा आहे, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. लग्नात तिला अजूनही फिजिओच म्हणतात.

मी तिला बार्टनची ही सगळी कहाणी ऐकवली. तिला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. बेन्झीनवर ती खूप हसली. मग म्हणाली की वॉर्डात तिला सगळ्यात कठीण जातो तो लुळा हात नाही. आता माझ्याकडून काय होणार, असं म्हणत भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस कठीण जातो. त्याला पहिला प्रश्न काय विचारायचा, हे पुस्तकात नसतं.

आमच्या आजोबांची प्रगती विचाराल तर गेल्या रविवारी त्यांनी उजव्या हाताने कप उचलून बशीत चहा ओतला, बशी तोंडाला लावली आणि फुर्र करून प्यायले. थोडा पेपरवर सांडला, नेमका याच पुरवणीवर. आता त्यांना त्यांचा अडकित्ता हवाय. ताईंनी अजून हो म्हटलेलं नाही.